मोडीची अखंड रेघ आणि शब्द शोधणारा डोळा

बोलायला सुरुवात करण्याआधी फळ्यावर एक ओळ लिहितो, ती सगळ्यांनी मनातल्या मनात वाचा. 'मौजेराणीसावरगाव'. वाचली? कुणीच अडखळलं नाही. आता हीच ओळ कोकणातल्या, या गावाचं नाव कधीच कानावर न पडलेल्या एखाद्या माणसापुढे ठेवू. 'मौजे' तो ओळखेल. पुढे 'राणीसा' म्हणेल, एखाद्या संस्थानातल्या राणीसाहेब त्याला आठवतील, आणि मग 'वरगाव' कुठे आलं ते नकाशावर शोधत बसेल.

तुम्ही हसलात. पण बघा, अक्षरं तुम्हाला आणि त्याला तीच दिसली. एक कमी नाही, एक जास्त नाही. तुमच्या डोळ्यानं 'सा' पुढच्या 'वर'ला जोडला, त्याच्या डोळ्यानं तो मागच्या 'राणी'ला चिकटवला. मराठवाड्यात सावरगावं पुष्कळ आहेत, तुमच्या सावरगावाला पुढे 'राणी' आहे. ती कोणती राणी, हा आजचा विषय नाही. आजचा विषय असा की, सुट्या सुट्या तुकड्यांतून डोळा अख्खी वस्तू कशी उभी करतो, आणि आपल्या मराठी लिहिण्या-वाचण्याच्या इतिहासात हे काम कधी वाचणाऱ्याकडे होतं, कधी कागदाकडे गेलं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत, फडक्यात बांधलेले मोडी कागद असतील. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम इथे घेतला.

पण आधी थोडं रांगोळीबद्दल. ठिपक्यांची रांगोळी आपण लहानपणापासून बघतो. अंगण सारवून झालं की आई चिमटीनं आधी ठिपके देते. सात ते एक, नाहीतर अकरा ते सहा. रेघ अजून एकही ओढलेली नाही, तरी शेजारीण उंबऱ्यातून बघते आणि विचारते, 'आज कमळ का?' ठिपके तर नुसते ठिपके आहेत. त्यांच्यात कमळ कुठून आलं? जवळजवळ असलेले ठिपके डोळा एका गटात घेतो. एका वळणावर येणारे ठिपके तो मनातल्या मनात जोडतो. आकार बंद होत आला असेल तर उरलेला तो स्वतः भरून काढतो.

नेमकी हीच गोष्ट ठिपके मांडून मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली जर्मन भाषेतल्या एका लेखात लिहिली. प्रागमध्ये जन्मलेला, ज्यू कुटुंबातला माणूस. १९१० मध्ये सुट्टीला निघाला असताना तो मध्येच फ्रँकफुर्टला उतरला आणि चित्रं हलतात असं भासवणारं एक खेळणं त्यानं दुकानातून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. सांगण्यात थोडं मीठ-मिरची असेल. पण १९१२ मध्ये त्यानं जो निबंध छापला तो मात्र पक्का. स्थिर दिवे एकामागून एक ठरावीक वेगानं लावले की डोळ्याला दोन दिवे न दिसता एकच हलणारा दिवा दिसतो. म्हणजे जे समोर नाहीच, ते दिसतं. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, इकडे मुंबईत दादासाहेब फाळके स्थिर चित्रांची पट्टी फिरवून लोकांना 'राजा हरिश्चंद्र' चालता-बोलता... नाही, बोलता नाही, तो मूकपट होता... नुसता चालता दाखवत होते. फ्रँकफुर्टची बातमी त्यांना असण्याचं कारण नाही. पण दोघांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, की बघणाऱ्याचा डोळा तुकडे जोडून घेईल.

वेर्टहायमर, कोलर आणि कोफ्का या तिघांच्या या विचाराला गेस्टाल्ट म्हणतात. गेस्टाल्ट म्हणजे घाट, एकसंध आकार. त्यांचं म्हणणं असं की, डोळा आधी तुकडे मोजून मग बेरीज करत नाही, त्याला बेरीजच आधी दिसते. पुढे १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीत वेर्टहायमरला जर्मनी सोडावी लागली आणि तो न्यूयॉर्कला गेला. ती कथा मोठी आहे, इथे तेवढ्यावर थांबतो.

इथे कुणी म्हणेल, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलेलं आहे. अशी वाक्यं ऐकली की आम्ही जरा सावध होतो, पण या बाबतीत थोडं तथ्य आहे. न्यायसूत्रांत 'अवयव' आणि 'अवयवी' यांचा मोठा वाद आहे. तुम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, तुम्हाला तो लगेच कळेल. धागे म्हणजे अवयव, कापड म्हणजे अवयवी. कापड ही धाग्यांपेक्षा वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे का? प्रतिपक्ष म्हणतो, नाही. लांबून सेना दिसते, वन दिसतं. जवळ जा, सेना नाही, शिपाई आहेत, वन नाही, झाडं आहेत. तसंच सगळं. नैयायिक उत्तर देतात की, शिपाई आणि झाडं निदान वेगवेगळी दिसू तरी शकतात, अणू तर दिसतच नाहीत. न दिसणाऱ्यांचा ढीग केला म्हणून तो दिसायला कसा लागेल? म्हणून अवयवी निराळा मानलाच पाहिजे. वाद सुंदर आहे. पण ते विचारत होते, अख्खी वस्तू जगात खरोखर आहे का. वेर्टहायमर विचारत होता, अमुकच तुकडे एकत्र का दिसले, तमुक का नाही. पहिल्या प्रश्नाला तर्क लागतो, दुसऱ्याला ठिपके मांडून माणसांना विचारत बसावं लागतं. दोन्हींची गल्लत करू नये.

आता मोडीकडे येऊ.

मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरं टांगत जाई, हात शक्यतो न उचलता. एका अक्षराची शेपटी दुसऱ्याची सुरुवात होई. दोन शब्दांमध्ये जागा नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ही लिपी यादवांच्या काळात, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी असलेल्या हेमाडपंतांनी आणली अशी परंपरा आहे. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, आणि आमच्या मते लिपी ही कुणा एका माणसानं आणायची गोष्टच नाही. लिहिणाऱ्यांच्या हातांना घाई झाली की लिपी बदलते. शिवकाळात आणि पेशवाईत राज्याचा सगळा व्यवहार या लिपीत चालला. पुण्याच्या पेशवे दप्तरात तिचे रुमालच्या रुमाल आहेत. त्यातून निवडलेले कागद सरदेसायांनी १९३० नंतर छापले, ते पंचेचाळीस खंड झाले. यावरून पसारा किती असेल याची कल्पना करा.

शब्दांत जागा का सोडत नव्हते? वेग हे एक कारण. कागद महाग होता, हे दुसरं. तिसरंही एक सांगितलं जातं की, मोकळी जागा राहिली तर मागाहून कुणी तिथे एखादं अक्षर घुसडेल. जमिनीच्या कागदात घुसडलेलं एक अक्षर काय करू शकतं, ते या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पण डोळ्याच्या बाजूनं या रेघेकडे बघा. स्टीफन पामर आणि अर्व्हिन रॉक या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक मुद्दा मांडला की, जवळ असणं, सारखं असणं या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे जोडलेलं असणं. जे सलग जोडलेलं आहे ते डोळा आधी एक वस्तू म्हणून उचलतो. दोन ठिपके लांब असू द्या, त्यांच्यात एक काडी आडवी टाका, ते डंबेल होतात, एकच वस्तू. आज छापलेल्या बाळबोध मजकुरात शिरोरेषा हेच काम करते. एका शब्दावर एक रेघ. रेघ तुटली की शब्द संपला. पहिलीतल्या पोरालासुद्धा शब्द कुठे संपतो ते कळतं, अर्थ कळो न कळो. मोडीत तीच रेघ अख्ख्या ओळीवर आहे. म्हणजे जी खूण डोळ्याला 'हे सगळं एक' असं सांगते, ती इथे पंचवीस शब्दांना एकच वस्तू म्हणून सांगते. मोडी शिकताना नवखा विद्यार्थी अक्षरं ओळखता येत असूनही हतबल होतो, त्याचं आमच्या मते हे मोठं कारण आहे. त्याला अक्षरं येत नाहीत असं नाही. त्याला रेघेकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मग जुने कारकून भराभर कसे वाचत? याचं उत्तर त्या कागदांच्या भाषेत आहे. पत्राचा मायना ठरलेला. 'राजमान्य राजश्री' हे सहज एका दमात येतं. आजही लग्नपत्रिकेवर आपण 'रा. रा.' लिहितो, त्यातली ही दोन अक्षरं तिथूनच आली. कालगणना ठरलेली, शेवट ठरलेला, मधली वळणं ठरलेली. लाइपझिगच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जेम्स कॅटेल यांनी १८८६ मध्ये दाखवलं होतं की, ओळखीचा शब्द माणूस जवळजवळ एका अक्षराइतक्याच वेळात ओळखतो. म्हणजे ओळखीचा शब्द आपण एकेक अक्षर सुटं वाचून जुळवत बसत नाही. कारकुनाला अख्खी वाक्यं अशी ओळखीची होती. ओळ कागदावर अखंड होती, पण त्याच्या डोक्यात ती आधीच तुटलेली होती.

हे फक्त मोडीचं नाही. आपल्या पोथ्या बघा. बाळबोध अक्षर, सुंदर, ठसठशीत, पण शब्दांत जागा नाही, मध्ये दंड आला तर आला. पोथी डोळ्यांनी गुपचूप वाचायची नव्हतीच. ती मोठ्यानं म्हणायची होती, आणि कान डोळ्याला सांगायचा, इथे तोड. गंगाखेडच्या जनाबाई तुमच्याच तालुक्यातल्या. त्यांचे अभंग आधी लोकांच्या ओठांवर राहिले, कागदावर पुढे आले. ज्याला अभंग पाठ आहे त्याला कागदावर जागा सोडली काय, न सोडली काय.

युरोपातही असंच होतं. जुनं लॅटिन सलग लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली ती सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडच्या मठवासीयांनी. का त्यांनीच? कारण लॅटिन ही त्यांची बोली नव्हती. ज्याची भाषा आहे त्याला शब्द ऐकू येतो. परक्याला तो दिसावा लागतो.

हे लक्षात ठेवून आपल्याकडचं एकोणिसावं शतक बघा. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते देवनागरी टाइपात. १८१० मध्ये मराठी कोश छापला, तो मात्र मोडी टाइपात. म्हणजे मोडी छापता येत नव्हती असं नाही. शतकाच्या मध्याला मेजर कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली. कॅरी काय, कँडी काय, दोघेही मराठी नंतर शिकलेले. आयर्लंडच्या मठवासीयांसारखेच. छापखान्यात बाळबोध टिकली, शब्दाशब्दात मोकळी जागा आली, शिरोरेषा शब्दापुरती आखूड झाली, आणि तोड कुठे करायची हे काम वाचणाऱ्याच्या डोक्यातून निघून कागदावर गेलं. यात परक्यांनी आपल्यावर काही लादलं असं आम्हाला वाटत नाही. शाळा आल्या, कधीच कारकुनी न केलेल्या घरांतली मुलं-मुली वाचू लागली. त्यांच्या डोक्यात मायने भरलेले नव्हते. त्यांना तुटक रेघच हवी होती. शिरोरेषेशिवाय चालतच नाही असंही नाही. शेजारच्या गुजरातीनं ती सोडून दिली, नुसत्या मोकळ्या जागेवर तिचं काम भागतं.

मराठवाड्यात आणखी एक गाठ होती. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथे १८८४ पर्यंत दरबारी भाषा फारसी, मग उर्दू. गावचा हिशोब मोडीत, वरचा कागद उर्दूत. आता उर्दू लिपीत अक्षरं एकमेकांना जोडतात, पण काही अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत. अलिफ, दाल, रे, वाव वगैरे. 'दादा' लिहा. चार अक्षरं, चौघं सुटी उभी, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही, तरी शब्द एक. 'पाटील' लिहा. 'पा' वेगळा, 'टील' वेगळं. म्हणजे शब्दाच्या पोटातच फट, आणि घाईनं लिहिलेल्या शिकस्ता अक्षरात दोन शब्द मात्र एकमेकांना चिकटलेले. मोडीत सगळं जोडलेलं, इथे नको तिथे तुटलेलं. दोन्हीकडे डोळ्याची उपजत सवय फसवते. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गावात दोन्ही लिपी वाचणारा एखादा माणूस असे, त्याला लोक का मान देत, ते यावरून ध्यानात येईल.

आता प्रश्न असा की, ही डोळ्याची सवय उपजत खरंच किती आणि शिकलेली किती? यावर गेस्टाल्टवाल्यांचा भर उपजततेवर होता. याला धक्का देणारं एक काम आपल्याच देशात झालं. अमेरिकेतल्या एमआयटीत असलेले पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. जन्मापासून आंधळेपण असलेल्या, पण उपचारानं दिसू शकेल अशा मुलांना शोधायचं, त्यांच्यावर दिल्लीत उपचार करायचे, आणि दिसू लागल्यावर ती काय बघतात ते समजून घ्यायचं. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका लेखात असे तिघे आहेत. त्यातल्या एका तरुणाचं वय २९. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं, आणि इतकी वर्षं साधा चष्मा मिळाला नव्हता. चष्मा लागला. आता त्याला दिसतंय. त्याच्यापुढे कागदावर एक वर्तुळ आणि एक चौकोन, एकमेकांवर थोडे चढलेले, असे काढून ठेवले. आपल्याला काय दिसतं? एक वर्तुळ, एक चौकोन. त्यानं तीन वस्तू दाखवल्या. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे जो मधला तुकडा होतो, तोही त्याला स्वतंत्र वस्तू वाटला. फोटोत रंग बदलला, सावली पडली, की तिथे त्याला नवी वस्तू सुरू झालेली दिसे.

मग गंमत बघा. तेच आकार हलवले, वर्तुळ एकीकडे सरकलं, चौकोन दुसरीकडे, की लगेच त्याला दोन वस्तू कळल्या. जे एकत्र हलतं ते एक. आणि काही महिन्यांनी, दीड वर्षाच्या आत, स्थिर चित्रंही त्याला बरीच नीट कळू लागली. म्हणजे जोडणं हे डोळ्याबरोबर आयतं येत नाही, निदान सगळं येत नाही. जग हलताना बघत बघत डोळा ते शिकतो, आणि तिशीला आलेला माणूससुद्धा शिकू शकतो. आम्हाला हे वाचून फार धीर आला, कारण आम्ही मोडी शिकलो ते पन्नाशीत.

पण शिकलेल्या सवयीचा दुसरा चेहराही आहे, आणि तो आमच्या अंगावर आलेला आहे. वेर्टहायमरच्या त्या १९२३ च्या लेखात ठिपक्यांशिवाय एक छोटं उदाहरण आहे. मोजमाप म्हणून '३१४ सेंमी' लिहिलं, तर आपण ते तीनशे चौदा सेंटिमीटर असंच वाचतो. एकतीस, मग चार आणि 'सें' एकत्र, असं कुणी वाचत नाही. ठिपक्यांच्या नियमांत याचं कारण सापडत नाही. हा सवयीचा भाग आहे, असं तो स्वतःच म्हणतो. आता आमचं '३१४' ऐका.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातलं एक कुटुंब आमच्याकडे आलं. आजोबा, दोन मुलगे, एक नातू. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक मोडी कागद. तो उलगडण्याआधीच आजोबा म्हणाले, 'आमच्या आज्याची दोनशे बिघे जमीन होती, ती गेली, या कागदात आहे म्हणतात.' आम्ही भिंग घेतलं, वाचत गेलो. मायना गेला, नावं गेली, आणि मग ओळ आली. ती फळ्यावर लिहितो. 'बिघेदोनशेतपांढरीचे'.

तुमच्यातले काही जण आत्ताच हसायला लागले. आम्ही त्या दिवशी हसलो नाही. आम्ही वाचलं, 'बिघे दोनशे', आणि पुढच्या 'त'ला आम्ही 'तर्फ'चं संक्षिप्त रूप मानून टाकलं, कारण जुन्या कागदांत असं रूप येतं आणि त्यामुळे आमचं वाचन जमत होतं. 'तर्फ पांढरी' अशी कुठली तर्फ आहे का, हे तपासावं असंही आमच्या मनात आलं नाही. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगावं.

चार-पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या कागदाचा फोटो पुन्हा काढला. या वेळी शेवटून वाचत होतो. चतुःसीमा लिहिल्या होत्या. पूर्वेला ओढा, पश्चिमेला कुणाचं तरी शेत, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला गावठाण. दोनशे बिघे जमिनीला अशा चार सीमा असतील? एका ओढ्यात आणि एका गाडीवाटेत ती मावेल? मग पुन्हा त्या ओळीवर आलो, आणि ती आपोआप तुटली. 'बिघे दोन, शेत पांढरीचे.' गावठाणालगतच्या जमिनीचं शेत, दोन बिघे. शाईचा एक थेंब बदलला नव्हता. 'त' या वेळी पुढे न जाता मागे गेला, एवढंच. आणि एकदा तसं दिसल्यावर, कितीही प्रयत्न केला तरी, 'दोनशे' आम्हाला पुन्हा दिसेना. तुम्हालाही आता दिसत नसेल.

तोपर्यंत त्या घरात वकिलाला पैसे देऊन झाले होते. आम्ही स्वतः गेलो, सांगितलं, चूक आमची आहे म्हणालो. मुलगे रागावले, त्यांचं चूक नव्हतं. आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'म्हणजे आज्याचं काहीच नव्हतं?' आम्ही म्हणालो, 'दोन बिघे होते, बाबा, आणि ते त्यांचेच होते, हे या कागदात साफ लिहिलंय.' त्यावर ते काही बोलले नाहीत. चहा झाला. निघताना नातू गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, 'सर, मला शिकवता का हे?' तो आता आमच्यापेक्षा बरं वाचतो.

आज सांगण्याचं कारण असं की, २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यातले कागद मोडीत आणि उर्दूत. कित्येक वर्षं कुणी न विचारलेले मोडी वाचक एकदम सगळ्यांना हवे झाले. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्ही शिरत नाही, त्यासाठी दुसरी व्यासपीठं आहेत. वाचणाऱ्याच्या बाजूनं एवढंच सांगतो की, मायना वाचताना कधी कुणी चुकत नाही. चूक होते ती नावात, आकड्यात, जातीच्या रकान्यात. जिथे ठरलेलं वळण नाही, तिथे डोळा दुसरं काहीतरी आधाराला धरतो, आणि समोर आशेनं बसलेल्या माणसाचा चेहरा हा फार मोठा आधार असतो. त्याला हवं ते दिसू लागतं. नको असलेला समोर बसला असेल तर ते दिसेनासं होतं, हेही तितकंच खरं. म्हणून आम्ही आता एक कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा नियम केला आहे, एकमेकांना न विचारता. वेळ दुप्पट लागतो. लोकांना ते आवडत नाही.

वेळ झाली, प्रश्न घेऊ. मागून एक ताई विचारतायत, मोडी यायला किती दिवस लागतात? अक्षरं ओळखायला महिना-दीड महिना, रोज तासभर दिला तर. ओळ फोडायला मात्र वर्ष जाईल, आणि ती अक्षरांवर बसून येत नाही, कागदांवर बसून येते. एकाच दप्तरातले, एकाच काळातले पन्नास-साठ कागद आधी वाचा. मग त्या कारकुनाची वळणं तुमची होतात.

आणि हे काका हात वर करून उभे आहेत. काय म्हणता? घरी कागद आहे? आणा की. उद्या सकाळी आणा, दिव्याखाली नको, ओसरीत उजेडात बसू. फक्त एक करा काका. त्या कागदात काय लिहिलंय असं घरात म्हणतात, ते आम्हाला आधी सांगू नका.